झुल्याचा सेफ्टी लॉक सारखा सारखा लागतोय? लॉक खोलायच्या आधी हे बघा

प्रॉब्लेम नेहमीचाच. उंच बिल्डिंगच्या बाहेरून विटांच्या सांध्यांचं किंवा गिलाव्याचं रिपेअर चालू असतं, दोन मोटरचा इलेक्ट्रिक झुला, म्हणजे गच्चीवरून रोपने लटकवलेला माणसांना उभं राहायचा पाळणा, लावलेला असतो, दोन-तीन मजले वर गेला की एक बाजू मागे राहते आणि खट्ट करून लॉक लागतो. ऑपरेटर खालची बाजू वर घेतो, लॉक सुटतो, परत दोन मजले, परत खट्ट. दिवसभर हेच, आणि गवंड्याचा अर्धा वेळ झुला सरळ करण्यातच जातो. मग कोणीतरी म्हणतं लॉकच खराब आहे, बदलून मागवा. नवा लॉक येतो, दिवस बरा जातो, आणि परत तेच. शेवटी कोणाच्या तरी डोक्यात ती भयंकर आयडिया येते, लॉकच्या दांडीला बाइंडिंग वायर मारून तो कायमचा उघडा ठेवायची.

त्या वायरचं आधी बोलून घेऊ. वजन उचलणारा वर्किंग रोप लॉकच्या दांडीवरच्या रोलरला दाबून जातो, त्या दाबामुळे दांडी वर राहते आणि लॉकच्या आतला जबडा उघडा राहतो, म्हणून शेजारचा सेफ्टी रोप त्यातून मोकळा सरकतो. वर्किंग रोप तुटला, ढिला पडला किंवा झुला जास्त कलला की दांडी पडते आणि जबडा सेफ्टी रोपला पकडतो. आता दांडी वायरने बांधली तर वर्किंग रोप तुटला तरी लॉकला ते कळणारच नाही, सेफ्टी रोप नुसता शोभेला लटकतोय असं होईल. साइटवर कुठेही अशी बांधलेली दांडी दिसली तर झुला जमिनीवर घ्या, त्या दिवसाचं काम गेलं तरी चालेल.

आता मुद्दा. लॉक लागतोय याचा अर्थ बहुतेक वेळा लॉक बरोबर चाललाय आणि झुला कलतोय, म्हणजे शोधायचं आहे झुला का कलतोय ते. त्यासाठी पाना हातात घ्यायच्या आधी टेप घ्या. लॉक लागला त्या क्षणी झुल्याची दोन टोकं किती वर-खाली आहेत ते मोजा, लेव्हल ट्यूबने मोजलं तर उत्तमच. साइटवर सर्रास दिसणाऱ्या झेडएलपी ६३० टाइपच्या झुल्यात कल ओळखणारा लॉक साधारण ३ ते ८ अंशांच्या मध्ये लागायला हवा. झुला ६ मीटरचा असेल तर ३ अंश म्हणजे दोन टोकांत ३१ सेंटिमीटरचा फरक आणि ८ अंश म्हणजे ८४ सेंटिमीटर. याच्या मध्ये लागत असेल तर लॉकला हात लावायचं काही कारण नाही. वीतभर फरकावरच लागत असेल तर लॉककडे किंवा सेफ्टी रोपकडे बघायचं, ते पुढे सांगतो. आणि ८४ च्या पलीकडे जाऊनही लागत नसेल तर काम बंद, तो लॉक मेलेला आहे.

अजून एक हिशोब करा म्हणजे उगाच घाबरणार नाही. दोन मोटर कधीच अगदी सारख्या चालत नाहीत. एका बाजूचा वेग नुसता १ टक्का कमी असला तरी ३० मीटर चढल्यावर ३० सेंटिमीटर फरक पडतो, म्हणजे लॉक लागायच्या काठावर आलात. त्यामुळे उंच बिल्डिंगला आठ-दहा मजल्यांनी एकदा थांबून सिलेक्टर स्विच एका बाजूला करून झुला लेव्हलला आणणं हे काही बिघाडाचं लक्षण नाही, ते ऑपरेटरने न सांगता करायचं काम आहे, लॉक लागेपर्यंत वाट बघायचीच नसते. पण दर मजल्याला लॉक लागतोय म्हणजे ३ मीटरमध्ये ३० सेंटिमीटरचा फरक, सरळ १० टक्के. एवढा फरक नॉर्मल नाही, काहीतरी घसरतंय, अडतंय किंवा ओझं एका अंगाला आहे.

इथे एक टेस्ट आहे जी फुकट आहे आणि तरी कोणी करत नाही. वर जाताना कुठली बाजू खाली राहते ते बघा, आणि मग खाली येताना कुठली बाजू खाली जाते ते बघा. दोन्ही वेळा तीच बाजू खाली असेल तर एक तर ओझं त्या बाजूला जास्त आहे नाहीतर त्या बाजूचा रोप होइस्टमध्ये, म्हणजे रोपवरून झुला चढवणाऱ्या मोटरच्या यंत्रात, घसरतोय, कारण जड बाजू चढताना मागे पडते आणि उतरताना पुढे पळते, आणि घसरणाऱ्या रोपचंही तसंच. पण वर जाताना जी बाजू खाली राहते तीच खाली येताना वर राहत असेल, म्हणजे ती बाजू दोन्हीकडे आळशी आहे, तर ब्रेक नीट सुटत नाहीये किंवा ती मोटर कमजोर आहे. एवढं कळलं की अर्धं काम झालं. आम्हाला फोन येतो तेव्हा पहिला प्रश्न हाच असतो आणि नव्वद वेळा उत्तर येतं "साहेब, ते बघितलं नाही".

दोन्ही वेळा तीच बाजू खाली, हे रिपेअरच्या कामात सगळ्यात जास्त दिसतं आणि त्याचं कारण डोळ्यासमोर पडलेलं असतं, ते म्हणजे राबिट, फोडलेल्या गिलाव्याचा आणि विटांचा कचरा. रंगाच्या कामात झुल्यात दोन माणसं आणि चार डबे असतात, वजन दिवसभर जवळपास तेच राहतं. फोडाफोडीच्या कामात मात्र वजन वाढत जातं आणि कोणाच्या लक्षातही येत नाही. हिशोब करून बघा, २० मिलिमीटर जाडीचा गिलावा म्हणजे एका चौरस मीटरला ०.०२ घनमीटर, आणि सिमेंटचा मसाला घनमीटरला साधारण २००० किलो धरला तर एका चौरस मीटरचे ४० किलो झाले. ६ मीटर झुल्यासमोरचा दीड मीटर उंचीचा पट्टा फोडला की ९ चौरस मीटर, म्हणजे ३६० किलो. त्यातलं सगळं झुल्यात पडलं, वर दोन माणसं, ब्रेकर, ग्राइंडर, पाण्याचा ड्रम, आणि ओलं मिश्रण भरलेली घमेली, की ६३० किलोची मर्यादा केव्हा ओलांडली ते कळतही नाही. आणि राबिट कधी मधोमध पडत नाही, ज्या टोकाला ब्रेकर चालू आहे तिथे ढीग होतो आणि दुसऱ्या टोकाला मिस्त्री एकटा पॉइंटिंग, म्हणजे सांध्यांत मसाला भरायचं काम, करत बसलेला असतो. विटा बदलायच्या असतील तर त्यांचीही हीच गोष्ट, तीन-साडेतीन किलोची एक वीट, शंभर विटा एका कोपऱ्यात रचल्या की तिथे चार माणसं उभी केल्यासारखं झालं.

उपाय साधा आहे पण सुपरवायझरने मागे लागावं लागतं. राबिट गोण्यांत भरून वेगळ्या चुटने किंवा वेगळ्या विंचने खाली सोडा, झुला म्हणजे मालवाहू लिफ्ट नाही. गोण्या भरेपर्यंत ठेवायच्याच असतील तर दोन्ही टोकांना निम्म्या निम्म्या. झुल्याच्या आतल्या बाजूला प्लेटवर लिहा की या झुल्यात किती माणसं आणि किती गोण्या, किलोत लिहून उपयोग नाही, वर कोणाकडे काटा नसतो. आणि लक्षात ठेवा की झुला जितका लांब जोडाल तितकी त्याची क्षमता कमी होते, ६ मीटरला जो आकडा आहे तो साडेसात मीटरला चालत नाही, मॅन्युअलमधला तक्ता बघा.

आता ओझं हलवून बघा. गोण्या दुसऱ्या टोकाला नेल्या आणि खाली जाणारी बाजूही बदलली तर प्रॉब्लेम ओझ्याचाच होता, विषय संपला. पण ओझं हलवूनही तीच बाजू खाली राहत असेल तर रोप घसरतोय. हे जास्त गंभीर आहे. या होइस्टमध्ये रोप गुंडाळला जात नाही, चाकाच्या खाचेत दाबून धरला जातो आणि घर्षणावर चालतो, त्यामुळे खाच झिजली किंवा रोप तेलकट झाला की पकड कमी होते. सिमेंट चिकटू नये म्हणून कोणीतरी रोपला ग्रीस चोपडलेलं मी बऱ्याच साइटवर बघितलंय, मॅन्युअलमध्ये सांगितलं नसेल तर रोपला काहीही लावायचं नाही. रोप कोरड्या फडक्याने पुसून परत टेस्ट घ्या, जमिनीपासून कमरेएवढ्या उंचीवरच, आणि तरीही घसरतोय असं दिसलं तर होइस्ट उतरवून कंपनीकडे पाठवा, साइटवर उघडायचा नाही.

दुसरी केस, म्हणजे एक बाजू वर जातानाही आळशी आणि खाली येतानाही. इथे आधी मोटरला हात लावून बघा, सांभाळून, एक मोटर दुसरीपेक्षा बरीच जास्त तापत असेल तर तिचा ब्रेक घासतोय. ब्रेक करंटने उघडतो आणि स्प्रिंगने बंद होतो, त्यामुळे व्होल्टेज कमी मिळालं की तो अर्धवट उघडतो आणि मोटर ब्रेक ओढत चालते. लांब केबल हे त्याचं मुख्य कारण. मीटर लावून बघितलं तर सगळे म्हणतात व्होल्टेज ओके आहे, कारण ते मोटर बंद असताना बघतात. झुल्यावरच्या पॅनेलला मीटर लावा आणि पूर्ण लोडवर दोन्ही मोटर वर चालवताना आकडा वाचा, तोच खरा. केबल जितकी लांब तितकी ती जाड हवी, आणि चाळीस मजल्यांची केबल स्वतःच्या वजनाने प्लगला लटकत असेल तर आतला कनेक्शन ढिला होऊन एक फेज अधूनमधून जातो, मग मोटर नुसती गुणगुणते आणि हलत नाही. केबलला वर आणि झुल्याजवळ पकड द्या म्हणजे ओढ प्लगवर येणार नाही. तुम्ही म्हणाल सप्लाय दोन्ही मोटरला एकच आहे मग एकच बाजू का मागे पडते, तर दोन्ही ब्रेकचं गॅप सारखं नसतं, ज्याचं घट्ट आहे तो आधी रडतो. हे गॅप इलेक्ट्रिशियनने मॅन्युअल बघून सेट करायचं काम आहे, ऑपरेटरने नाही. आणि धूळ जाऊ नये म्हणून मोटरला प्लॅस्टिक गुंडाळू नका, मोटर गुदमरते आणि तापून अजून कमजोर होते.

या दोन्हीत बसत नसेल तर लॉक कुठे लागतो ते बघा, मजल्याचा नंबर भिंतीवर खडूने लिहून ठेवा.

दर वेळी त्याच उंचीवर लागतोय? तिथल्या सेफ्टी रोपवर वाळलेला मसाला असेल. पॉइंटिंग करताना उडालेला माल रोपवर बसतो, तासाभरात घट्ट होतो आणि तो जाड भाग लॉकमधून जाताना अडकतो. जबड्यात सिमेंटचा लगदा साठला की दोन गोष्टी होतात, एक तर तो सुटत नाही, किंवा पकडतच नाही, आणि दुसरी गोष्ट लक्षात येत नाही म्हणून ती जास्त घातक. रोज संध्याकाळी रोप पुसा, लॉक आणि होइस्टच्या तोंडावर रबरी पट्टा किंवा गोणपाट झाकण म्हणून लावा. विटा धुवायला ॲसिड वापरत असाल तर रोपवर उडालेलं लगेच पाण्याने धुवा, गॅल्व्हनाइज्ड रोपचा झिंकचा थर ॲसिड खाऊन टाकतो आणि आतून गंज चालू होतो. त्याच जागी रोपला पीळ किंवा कुरळ पडलेली असेल तर मात्र पुसून काही होणार नाही, रोप बदला. तारा तुटलेल्या दिसत असतील तर अमेरिकेच्या ओशा या कामगार-सुरक्षा खात्याचा निकष सोपा आहे, रोपच्या एका पिळाच्या लांबीत (पदर एक पूर्ण वेढा घेतो तेवढ्यात) इकडेतिकडे मिळून ६ तारा किंवा एकाच पदरातल्या ३ तारा तुटल्या की रोप बाद.

फक्त वरच्या शेवटच्या दोन-तीन मजल्यांत लागतोय, खाली कधीच नाही? गच्चीवर जा. झुल्याचे रोप ज्यांना लटकतात त्या, गच्चीवरून बाहेर काढलेल्या दोन बीमच्या टोकांमधलं अंतर आणि झुल्याच्या दोन होइस्टमधलं अंतर सारखं हवं. समजा बीम दोन्हीकडून २०-२० सेंटिमीटर एकमेकांपासून जास्त दूर बसवलेत. झुला ४० मीटर खाली असेल तर रोप जवळजवळ सरळच दिसतो, पण बीमखाली ३ मीटरवर आला की तोच रोप ४ अंशांच्या आसपास तिरका होतो. झुला सपाट आहे पण रोप तिरका आहे, आणि लॉकला तेवढंच दिसतं, त्याला वाटतं झुलाच कललाय. बीमच्या टोकावरून ओळंबा सोडून अंतर मोजा आणि बीम सरकवा, लॉकला काही करू नका.

गच्चीवर गेलाच आहात तर बीमच्या मागच्या टोकावर झुल्याला तोलून धरणारी वजनंही मोजा, कारण गच्चीवरचं वॉटरप्रूफिंगवालं पोरगं टेकायला दोन वजनं काढून घेऊन जातं. आणि बीम किती बाहेर काढलाय ते बघा, कारण छज्ज्याला झुला अडतो म्हणून बीम बाहेर ओढायची सवय असते. होइस्टची क्षमता ६३० किलो, बीम टेकूपासून दीड मीटर बाहेर, म्हणजे ९४५. मागे त्या बीमवर २५ किलोची २० वजनं, म्हणजे ५०० किलो, टेकूपासून ४.६ मीटरवर, म्हणजे २३००. मागचा आकडा पुढच्याने भागला की २.४. युरोपचा झुल्यांसाठीचा स्टँडर्ड ईएन १८०८ इथे ३ मागतो आणि ओशा ४. तोच बीम १.१ मीटरवर आणला तर ३.३ होतो. म्हणजे ४० सेंटिमीटर बाहेर ओढताना तुम्ही किती काय घालवलंत ते बघा. वाळूच्या गोण्या वजन म्हणून ठेवायच्या नाहीत, गोणी फाटली की वाळू वाहून जाते आणि कोणाला कळत नाही.

फक्त ब्रेकर चालू असताना लागतोय? ब्रेकर भिंतीला दाबला की झुला भिंतीपासून मागे जातो, हिंदकळतो, आणि त्या हिसक्यात दांडी हलते. झुला भिंतीला बांधून काम करा, पण हलवायच्या आधी बांधलेलं सोडा. हे सांगायला विचित्र वाटतं पण एका टोकाचा दोर खिडकीच्या ग्रिलला तसाच ठेवून वरचं बटण दाबणं हे एका बाजूने कलण्याचं अगदी नेहमीचं कारण आहे. उतरताना छज्ज्यावर किंवा बाहेर आलेल्या पाइपवर एक टोक टेकलं तरी तेच होतं, फक्त जास्त वाईट, कारण ऑपरेटरला कळत नाही आणि होइस्ट रोप सोडत राहतो, रोप ढिला पडतो, आणि मग टोक निसटलं की झुला धाडकन खाली येतो. लॉक चांगला असेल तर तिथेच पकडतो. २०१४ च्या नोव्हेंबरमध्ये न्यूयॉर्कच्या वन वर्ल्ड ट्रेड सेंटरवर काच धुणाऱ्या झुल्याची एक बाजूची केबल ढिली पडली आणि झुला जवळजवळ उभाच झाला, आतले दोघं कामगार शेवटी अग्निशमनवाल्यांनी खिडकीची काच कापून आत घेतले. ढिला रोप म्हणजे काय ते यावरून समजा. खाली येताना एकाने फक्त खाली बघायचं, बाकी काही करायचं नाही.

वीतभर फरकावरच लॉक लागतोय त्याचं राहिलं होतं. सेफ्टी रोपच्या खालच्या टोकाला वजन आहे का आणि ते जमिनीपासून थोडं वर, साधारण १५ सेंटिमीटर, लटकतंय का ते बघा. वजन जमिनीला टेकलं असेल, किंवा कोणी काढून घेतलं असेल, तर रोप लॉकमधून सरळ जात नाही, वर उचलला जातो आणि अडकतो. वर्किंग रोप आणि सेफ्टी रोप एकमेकांत पिळले असतील तरी हेच होतं, वाऱ्याच्या दिवशी खास करून. रोलर फिरतोय का, दांडीत सिमेंट बसलंय का तेही बघा. हे सगळं ठीक असूनही लवकर लागत असेल तर मात्र लॉक कॅलिब्रेशनला पाठवा, लॉकवर शेवटच्या टेस्टची तारीख असते, वर्ष उलटलं असेल तर तसाही पाठवायचाच आहे. लॉक साइटवर उघडून स्प्रिंग ताणणारे महाभाग भेटतात, त्यांना लांब ठेवा.

लॉक लागलेला असताना सोडवायचं कसं, तर खाली असलेली बाजू एकटी वर घ्यायची, लेव्हलला आली की लॉक आपोआप सुटतो. खालचं बटण दाबायचं नाही, त्याने वर्किंग रोप अजून ढिला होतो आणि सगळा भार सेफ्टी रोपवर जातो. बाजू वर येतच नसेल, होइस्टमधून कडकड आवाज येत असेल किंवा रोप आत फुगलेला दिसत असेल तर बटणं दाबणं बंद, वर-खाली करून बघणं बंद, हार्नेस लाइफलाइनला, म्हणजे माणसाला पडण्यापासून धरणाऱ्या वेगळ्या दोराला, लावलेला आहे याची खात्री करून खिडकीतून बिल्डिंगच्या आत जा आणि मग मेकॅनिक बोलवा. लाइफलाइन झुल्याच्या बीमला नाही, बिल्डिंगच्या वेगळ्या पक्क्या जागी बांधलेली हवी, नाहीतर बीम गेला तर लाइफलाइनही गेली.

भाड्याने देणाऱ्या कंपनीला फोन करताना एवढं हातात ठेवा: झुल्याची लांबी, लॉक लागताना दोन टोकांतला फरक किती सेंटिमीटर, वर जाताना कुठली बाजू खाली आणि उतरताना कुठली, कुठल्या मजल्यावर, चालू मोटरवर पॅनेलचं व्होल्टेज किती, आणि लॉकवरची टेस्टची तारीख. एवढं सांगितलंत तर मेकॅनिक बरोबर सामान घेऊन येतो, नाहीतर तो आधी नवा लॉक घेऊन येणार आणि परवा परत तुमचाच फोन.